अठ्ठेचाळीस गाई, एक दिवा : तंजावरच्या गोठ्यातील पिष्टाचा इतिहास

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या प्रांगणात एक गोष्ट हमखास शोधतो. १८०३ साली दुसऱ्या सरफोजी राजांनी देवळाच्या भिंतीवर कोरवून घेतलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास. तमिळ देशात देवनागरी अक्षरे पाहून ऊर भरून येतो, छायाचित्र काढले जाते आणि माणूस परत फिरतो. मीही परत फिरणारच होतो. सोबत ओळखीचे एक निवृत्त पशुवैद्य होते. जन्म तंजावरातला, घरची भाषा मराठी. त्यांनी मला जोत्याकडे वळवले. ‘‘राजांचा लेख पाहिलात, आता गाईंचा पाहा,’’ ते म्हणाले.

पहिल्या राजराज चोळाने १०१० च्या सुमारास हे देऊळ पूर्ण केले आणि दानांचे हिशेब दगडावर कोरवले. ऑयगेन हुल्त्श या जर्मन पंडिताने १८९० च्या दशकात हे तमिळ लेख संपादित करून प्रसिद्ध केले. त्यांतला एक भाग दिव्यांचा आहे. देवापुढे एक दिवा अखंड तेवत ठेवायचा, तर रोज एक ‘उळक्कू’ तूप लागेल, आणि ते तूप पुरवण्यासाठी गुराख्याच्या हवाली ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी करायच्या. तूप ‘आडवल्लान’ नावाच्या देवळाच्या मापाने मोजून घ्यायचे. म्हणजे दोन मेंढ्यांची एक गाय आणि तीन गाईंची एक म्हैस, असा विनिमयाचा दरच दगडावर ठरून गेला आहे.

पदार्थविज्ञानाच्या माणसाला असा आकडा दिसला की हात शिवशिवतात. उळक्कू म्हणजे नाळी या मापाचा चौथा हिस्सा. नाळी सगळीकडे आणि सर्वकाळ सारखी नव्हती, म्हणून ढोबळ मानाने उळक्कू ३०० मिलिलिटर धरू. तेवढ्या तुपाचे वजन सुमारे २७० ग्रॅम. देशी गाईच्या दुधात पाच टक्के स्निग्धांश मानला, तर त्यासाठी साडेपाच किलो दूध हवे. घुसळण्या-कढवण्यातली गळती धरून सहा लिटर म्हणू. अठ्ठेचाळीस गाईंत सहा लिटर, म्हणजे दर गाईमागे सव्वाशे मिलिलिटर. अर्धा पेला! माझे माप दुपटीने चुकले असले, तरी उत्तर पाव लिटरच्या पुढे जात नाही.

या आकड्यावरून चोळांच्या गाई निकृष्ट होत्या असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. कळपात भाकड गाई असणार, गाभण असणार, कालवडी असणार. वासराचा वाटा आधी निघणार, गुराख्याच्या कुटुंबाचा त्यानंतर. शिवाय दिव्यासाठी दिलेल्या मेंढ्यांना चोळकालीन लेखांत ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ असे विशेषण येते. मेली की दुसरी उभी करायची, मुद्दल घटता कामा नये. म्हणून ४८ हा आकडा मला भांडवलासारखा वाटतो आणि रोजचे तूप हे त्याचे सावध व्याज. दुष्काळ, रोगराई, पूर यांतूनही दिवा विझू नये एवढा राखीव साठा त्यात धरलेला आहे. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या कावेरीच्या खोऱ्याला दक्षिणेचे धान्याचे कोठार म्हणतात, जिथे शेते तांदळाने भरून वाहतात, तिथे गाईच्या वाट्याला इतके थोडे का आले?

उत्तर असे की कोठार माणसांचे होते. भाताच्या रोपात सूर्याची जी ऊर्जा साठते, तिचे दोन भाग पडतात. दाण्यात पिष्ट, म्हणजे रोजच्या बोलण्यातला स्टार्च, आणि पेंढ्यात सेल्युलोज. रसायनदृष्ट्या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक फक्त जोडणीचा. पिष्टात कड्या अशा कोनात जोडल्या जातात की साखळी मळसूत्रासारखी वळते आणि विकरांना तिच्यात शिरता येते. सेल्युलोजमध्ये त्या सरळ रेषेत येतात, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगतात आणि तंतू बनतात. एका बंधाच्या दिशेवरून जगातले अन्न दोन जातींत विभागले गेले. दाणा माणसाला, पेंढा गाईला. एकोजीराजे १६७० च्या दशकात ज्या ज्वारीच्या मुलखातून तंजावरला आले, तिथेही वाटणी हीच होती. भाकरी माणसाची, कडबा गुरांचा. पण कडबा आणि भाताचा पेंढा यांत मोठे अंतर आहे. कडब्याच्या ताटात थोडी साखर उरते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के आणि राखेचे प्रमाण बारा ते वीस टक्के, त्यातही बहुतेक सिलिका. अर्थात वाळूच! गाय खाते त्या पेंढ्यापैकी निम्म्याहून कमीच तिच्या अंगी लागतो.

सरस्वती महालात गजशास्त्राची आणि अश्वशास्त्राची सचित्र हस्तलिखिते जपलेली आहेत, ती पाहून डोळे निवतात. गाईचा आहार मात्र असा दगडावरच्या तुपावरून मागे मोजत जाऊन काढावा लागतो.

आता गाईच्या पोटात शिरू. तिच्या चार कप्प्यांपैकी पहिला, कोटीपोट, हा खरे तर आंबवण्याचा रांजण आहे. मोठ्या संकरित गाईत तो शंभर लिटरांहून मोठा असतो. तापमान ३९ अंशांच्या आसपास, आत प्राणवायू जवळपास नाही, आणि दर मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जीवाणू. पेंढा पचवतात ते हेच. गाईला स्वतःला सेल्युलोज तोडणारे विकर बनवताच येत नाही. जीवाणू ग्लुकोज वापरतात आणि टाकाऊ म्हणून बाहेर सोडतात ती बाष्पनशील आम्ले : असिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. या टाकाऊवर गाय जगते.

एवढे वाक्य लिहायला विज्ञानाला शंभर वर्षे लागली. १८४३ साली ग्रुबी आणि देलाफों यांनी कोटीपोटातले आदिजीव पाहिले. १८८४ साली टॅपायनर यांनी दाखवले की सेल्युलोज तिथे आंबते आणि त्यातून आम्ले निघतात. ती आम्ले थेट रक्तात शोषली जातात, हे केंब्रिजमध्ये बारक्रॉफ्ट, मॅकअनली आणि फिलिप्सन यांनी १९४४ साली सिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट हंगेट प्राणवायूविना जीवाणू वाढवण्याचे तंत्र बसवत होते. कोटीपोटातले रहिवासी एकेकटे वेगळे काढून ओळखता येऊ लागले ते त्यामुळे.

कोणते आम्ल किती बनते, यावर सारे ठरते. पेंढा-गवतावरच्या गाईत शंभरातले साधारण सत्तर रेणू असिटिक, वीस प्रोपिऑनिक आणि उरलेले ब्युटिरिक आम्लाचे असतात. पिष्ट वाढवले की प्रोपिऑनिकचा वाटा वाढतो. आता या दोघांच्या पुढच्या वाटा पाहा. असिटिक आम्ल कासेत जाऊन दुधातली चरबी बनते. प्रोपिऑनिक यकृतात जाते आणि तिथे त्याचे ग्लुकोज होते. गाय पोटातून ग्लुकोज फारच थोडे शोषते, तिला ते असे घडवूनच घ्यावे लागते. त्या ग्लुकोजपासून कासेत लॅक्टोज, दुधातली साखर, तयार होते. लॅक्टोज परासरणाने आपल्याकडे पाणी ओढते. दुधात लॅक्टोजचे प्रमाण जवळपास स्थिर असते, म्हणून जितके लॅक्टोज तितके पाणी, आणि जितके पाणी तितके लिटर. माझ्या विषयातला परासरण-दाब गाईच्या कासेत दुधाचे माप ठरवत असतो, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी चकितच झालो होतो.

म्हणजे ढोबळपणे सांगायचे तर पेंढा तूप देतो आणि पिष्ट लिटर देते. चोळांच्या देवळाने गुराख्याकडून तूप मागितले. अखंड दिव्याला तूपच लागते, हे त्याचे कारण उघड आहे. पण पेंढ्यावरची गाय जे देऊ शकते, नेमके तेच मागितले गेले, हा योग मला सुंदर वाटतो. त्याची किंमतही होती. ग्लुकोजच्या एका रेणूपासून असिटिक आम्लाचे दोन रेणू बनताना हायड्रोजनचे चार रेणू मोकळे होतात, आणि कोटीपोटातले दुसरे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेनचा एक रेणू करून टाकतात. गाय तो ढेकरेने बाहेर सोडते. प्रोपिऑनिकच्या वाटेने हायड्रोजन उलट खर्ची पडतो. पेंढ्यावर जगणारी गाय दर लिटर दुधामागे जास्त मिथेन सोडते ती यामुळे. तिच्या स्वभावाचा दोष नाही, हायड्रोजनच्या जमाखर्चाचा आहे.

मग गाईला सरळ तांदूळच का घालू नये? तंजावरात थोडेफार घालतातही. तांदूळ धुतलेले पाणी, पेज, कोंडा हे घरोघरी गाईच्या घमेल्यात जातच असते, आणि थोडे असते तोवर ते गुणकारी. पण पोंगलच्या सणात, विशेषतः गुरांच्या पोंगलला, माणसे मायेने गोड भात भरवतात. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे रांग लागते. माझ्या सोबत्यांनी अशा कितीतरी रात्री गोठ्यात काढल्या आहेत. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळीने फुगलेले बैल ज्यांनी पाहिले असतील, त्यांना वेगळे सांगायला नको.

शिजवलेला भात घातक ठरतो, याचे कारण पिष्टाच्या रचनेत आहे. पिष्ट निसर्गात सुट्या साखळ्यांच्या रूपात नसते. त्याचे कण असतात, आणि त्यांचा काही भाग स्फटिकासारखा रचलेला असतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणावर काळी फुली दिसते. विद्यार्थिदशेत मी प्रयोगशाळेत ती पाहत तास घालवले आहेत. भात शिजवताना सत्तर अंशांच्या आसपास ही रचना मोडते, कण पाणी पिऊन फुगतो, फुली पुसली जाते. आता त्यातली प्रत्येक साखळी उघडी पडलेली असते. कोटीपोटातला स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जीवाणू असे पिष्ट मिळताच दर वीसेक मिनिटांनी दुप्पट होतो आणि लॅक्टिक आम्ल ओततो. ते नेहमीच्या आम्लांच्या सुमारे दहापट तीव्र. रवंथ थांबलेला असतो, म्हणून आम्लता शमवणारी लाळही येत नाही. सामू साडेपाचाच्या खाली घसरला की पेंढा पचवणारे जीवाणू मरू लागतात, कोटीपोट हलायचे थांबते, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जनावर दगावते. चार घमेली भात पुरतो.

तेव्हा गाईला पिष्ट हवे तर तो प्रश्न वेगाचा असतो. ते किती, यापेक्षा किती लवकर आणि पोटाच्या कोणत्या भागात सुटते, हे महत्त्वाचे. मुरघासाचा सारा इतिहास या वेगाभोवती फिरतो असे माझे मत आहे, जरी मुरघास शोधणाऱ्यांच्या मनात तसे काही नव्हते. १८७७ साली ओग्यूस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याने हिरवा मका खड्ड्यात दाबून टिकवण्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याला हिवाळ्यात हिरवा चारा हवा होता, एवढेच. चारा कुट्टी करून दाबायचा, हवा कोंडायची. मग लॅक्टिक आम्लाचे जीवाणू साखर आंबवून सामू चारच्या आसपास आणतात आणि चारा लोणच्यासारखा मुरतो. ‘मुरघास’ हा शब्द ज्याने घडवला, त्याला भाषेचा कान होता. फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्टानेन यांना या विषयातील कामासाठी १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गोठ्याच्या इतक्या जवळ ते पारितोषिक क्वचितच आले असेल.

तंजावरात मुरघास उशिरा रुजला, याची कारणे मला भौगोलिक वाटतात. खड्डा खणावा तर त्रिभुज प्रदेशात पाणी हाताला लागते. चारा मुबलक असतो तो नेमका ईशान्य मोसमी पावसात. आणि मुळात पेंढा होताच. उंबळच्चेरी ही इथली खास जात चिखलात नांगर ओढण्यासाठी घडवलेली. तिची गाय दिवसाला दोनेक लिटर देते, तिला पेंढा आणि बांधावरचे गवत पुरे.

हे गणित १९६० नंतर दोन्ही बाजूंनी बदलले. तंजावर हा सधन शेती कार्यक्रमाच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक. आडुदुरैच्या भात संशोधन केंद्राचे एडीटी २७ हे वाण आणि पाठोपाठ आलेली बुटकी वाणे यांनी इथली शिवारे बदलून टाकली. बुटक्या वाणाची करामत अशी की रोपाच्या एकूण वजनात दाण्याचा वाटा तीन दशांशावरून निम्म्यापर्यंत गेला. पूर्वी किलोभर दाण्यामागे सव्वादोन किलो पेंढा मिळे, आता किलोभर. ज्या देशात माणसे उपाशी होती, तिथे हे व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु पिष्टाची जुनी वाटणी आणखी माणसाकडे झुकली, हेही खरे. नंतर कापणीयंत्रे आली आणि पेंढा शेतात विखरून भिजू लागला. जो गोळा होतो, त्याच्या गाठी केरळपर्यंत विकल्या जातात. आणि याच काळात गोठ्यात उंबळच्चेरीच्या जागी जर्सीची संकरित गाय आली. ती दहा लिटर देऊ शकते, पण त्यासाठी तिला ग्लुकोज हवे, ग्लुकोजसाठी प्रोपिऑनिक हवे आणि प्रोपिऑनिकसाठी पिष्ट. सहकारी संघ दूध मोजतो लिटरने आणि दर ठरवतो स्निग्धांश व इतर घनपदार्थ पाहून. त्यामुळे गाईकडून दोन्ही हवे असते, पेंढ्याचे तूपही आणि पिष्टाचे लिटरही.

२०१६-१७ चा दुष्काळ आणि १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे आलेले गाजा चक्रीवादळ यांनी चाऱ्याचा प्रश्न ऐरणीवर आणला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या मुरघासाच्या गाठींना खड्डा लागत नाही, त्या ट्रकमधून येतात. शेजारचा पेरांबलूर जिल्हा मक्याचा. आज डेल्टातल्या गोठ्यांत मक्याचा मुरघास, चाऱ्याच्या ज्वारीचा मुरघास, नेपियर गवताचा मुरघास असे सारे दिसते. नाव एकच, पण आत पिष्ट किती? चांगल्या मक्याच्या मुरघासात कोरड्या वजनाच्या पंचवीस ते पस्तीस टक्के. नेपियरमध्ये जवळपास शून्य. वारंवार कापायची चाऱ्याची ज्वारी फुलोऱ्यातच कापली जाते, म्हणून तिच्यातही नाममात्र. हे तिन्ही एकाच शब्दाने विकले जाते याचा मला मनापासून राग येतो. कागदावर संतुलित वाटणारा आहार गोठ्यात उताणा पडतो, आणि शेतकऱ्याला वाटते की गाईतच खोट आहे.

टक्केवारी कळली तरी प्रश्न सुटत नाही. मक्याच्या दाण्यात पिष्टाचे कण प्रथिनांच्या जाळ्यात बसवलेले असतात. त्या प्रथिनाला झेइन म्हणतात. जॉन गोरहॅम यांनी १८२१ साली ते प्रथम वेगळे केले. झेइन पाण्याला दाद देत नाही. ओल्या विटांभोवती मेणाचा लेप असावा, तसे ते पिष्टाभोवती असते. दाणा जितका पिकतो आणि कडक, काचेसारखा होतो, तितका हा लेप घट्ट. आपल्याकडचा बराचसा मका अशा कडक दाण्याचा आहे. म्हणून दाणे चिकात असताना, पूर्ण कडक होण्याआधी कापणी करा, असे शेतकऱ्याला सांगतात. पण फार लवकर कापले तर पिष्टच भरलेले नसते. ही खिडकी काही दिवसांचीच असते.

यानंतरची गोष्ट मला सर्वाधिक आवडते. मुरघास बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत आंबणे संपते आणि चारा स्थिर झाला असे आपण मानतो. तो स्थिर झालेला नसतो. वनस्पतीची आणि जीवाणूंची प्रथिनभंजक विकरे अंधारात झेइनचा लेप हळूहळू खात राहतात. विस्कॉन्सिनमधल्या हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ओलसर दळलेला मका २४० दिवसांपर्यंत मुरवून हे मोजून दाखवले. झेइनचे अंश घटत जातात आणि पिष्टाच्या कणांचे पुंजके सुटे होत जातात. म्हणून गाठ तीच, टक्केवारी तीच, पण महिन्याभराने उघडली तर पिष्ट सावकाश सुटते आणि सहा महिन्यांनी उघडली तर झपाट्याने. पहिल्या गाठीतले काही पिष्ट कोटीपोट ओलांडून लहान आतड्यात जाते. तिथे गाईचे स्वतःचे विकर त्याचे ग्लुकोज करते, पण त्या विकराची क्षमता मर्यादित असते. उरलेले शेणात. दुसऱ्या गाठीतले जवळजवळ सारे कोटीपोटातच सुटते. दूध वाढते, आणि सोबत भरडा तितकाच चालू ठेवला तर पोंगलच्या भाताचा सौम्य अवतार रोज घडू लागतो. स्निग्धांश उतरतो, गाय लंगडते, आणि कोणालाच कळत नाही की काय बदलले. आहार तोच होता, फक्त दिवस गेले होते.

ज्वारीचे प्रथिन काफिरिन. ते झेइनचे भावंडच, पण गंधकाच्या बंधांनी अधिक जखडलेले, म्हणून मुरण्यानेही तितके सैल होत नाही. शिवाय दाणा बारीक, गाईच्या दाढेतून अख्खा निसटतो. ज्वारीचा मुरघास दाण्यासह करायचा तर दाणे हुरड्यात असतानाच कापणे शहाणपणाचे. हुरडा माणसाला गोड लागतो आणि गाईलाही तेव्हाच पचतो. आपल्या पूर्वजांना त्यातले अर्धे सत्य ठाऊक होते.

आणि भात? अख्खे भाताचे रोप दाण्यासह मुरवता येईल का? हा प्रयोग जपानने मोठ्या प्रमाणावर केला आहे. तिथे माणसे भात कमी खाऊ लागली आणि खाचरे रिकामी राहू लागली, म्हणून भात गाईंसाठी पिकवला गेला. गंमत अशी की भाताच्या पिष्टाभोवती झेइनसारखे प्रथिन फारच थोडे असते, आणि त्याचे कण अवघे तीन ते आठ मायक्रॉनचे. एकदा उघडे पडले की ते झटपट पचते. पण त्याची तटबंदी बाहेर आहे, सिलिकाने कडक झालेले टरफल. मुरवल्याने ते विरघळत नाही. पिकलेले भात गाय नीट चावत नाही, आणि दाणे अख्खेच्या अख्खे शेणात उतरतात. मक्याची भिंत काळ पाडतो, भाताची पाडायला चिरडावे लागते. जपानी पैदासकारांनी मग वेगळीच वाट धरली. ‘ताची-सुझुका’ या वाणाला त्यांनी मुद्दाम आखूड लोंबी दिली. दाणे कमी, त्यामुळे पिष्ट बनायला हवी ती साखर ताटातच राहते. ती मुरायलाही उपयोगी आणि पचायलाही.

तंजावरात गाईसाठी भात लावा, असे मी म्हणणार नाही. ते उद्दामपणाचे होईल. पण मेट्टूरचे पाणी वेळेवर न आल्याने दाणा न भरलेले सांबा पीक, किंवा वादळाने आडवे केलेले शिवार, कुजू देण्याऐवजी कुट्टी करून, चांगले दाबून मुरवता येईल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. भाताचे ताट पोकळ असते, हवा कोंडून राहते, साखरही बेताचीच. काम सोपे नाही. पण अशा वेळी पेंढाही हातचा जातो आणि बाहेरून आणलेल्या गाठीचा भाव चढतो, तेव्हा दोन गाईंच्या घराला दुसरा पर्याय राहत नाही.

देवळातून आम्ही दुपारी ओरत्तनाडूकडे गेलो. सरफोजी राजांनी मुक्तांबाळच्या नावे बांधविलेले छत्र तिथे आहे. वाटसरूंना जिथे भात वाढला जाई, त्याच गावी २०१२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटेतल्या एका गोठ्यात तीन संकरित गाई होत्या. मालकाची तक्रार होती की मक्याचा मुरघास महाग घेऊनही दूध चढत नाही. माझ्या सोबत्यांनी गाठीचा वास घेतला, दाणे बोटांत दाबून पाहिले आणि एक स्वयंपाकघरातली चाळणी मागितली. मूठभर शेण चाळणीत घेऊन त्यांनी ती नळाखाली धरली. हिरवट पाणी वाहून गेले. खाली तंतू उरले आणि त्यांत पिवळे, अख्खे, टणक दाणे.

त्यांनी सात दाणे मोजले, ते मालकाच्या तळहातावर ठेवले आणि तमिळमध्ये काही बोलले. मला नंतर त्यांनी ते मराठीत सांगितले : ‘‘म्हटलं, ही गाठ अजून चार महिने उघडू नकोस. तोवर कापणारा कोण आहे त्याला गाठून सांग, यंत्रात दाणा फुटला पाहिजे.’’